पेठेच्या वाचनालयात कोहा बसवतोय, अडलोय, जरा हात लावा

रंकाळवेस | रविवार, रात्री १०.४०

रामराम मंडळी.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचं एक काम अंगावर घेऊन बसलोय. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, त्याच्यापुढं आमचं म्हणजे कालचं पोर. दोन खोल्या, वर एक माळा, एकोणीस हजारांच्या आसपास पुस्तकं, आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारी ठरलेली पंधरा डोकी. पेठेची फुटबॉलची मॅच असली की तीही येत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं. पुस्तकं आम्ही माळ्यावर फेकली, पण दाखल रजिस्टरं काउंटरखालच्या कपाटातच राहिली. तीनपैकी एक असं भिजलं की निळी शाई पानभर उतरली. दोन हजारभर पुस्तकं कधी आली, कितीला आली, देणगीतली की विकतची, काही सांगता येत नाही.

कम्प्युटर नव्हता असं नाही. कधीकाळी एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं होतं (नाव विचारू नका). ते डोंगल (यूएसबीत लावायची चावी) लावल्याशिवाय उघडायचं नाही. डोंगल मेला, देणाऱ्याचा फोन लागेना, आणि आमचाच डेटा आमच्याच मशीनमध्ये कुलपात.

म्हणून आता कोहा. ग्रंथालयासाठीचं मुक्तस्रोत वेब ॲप्लिकेशन आहे, ब्राउझरमध्ये चालतं. एका सभासदानं ऑफिसातला जुना डेस्कटॉप दिला, ८ जीबी रॅम. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, कोहाचं पॅकेज घेतलं, डेटाबेससाठी मारियाडीबी घेतलं, कोहा-क्रिएट चालवून आमच्या नावाचं इन्स्टन्स, म्हणजे कोहाची आमची स्वतंत्र मांडणी, बनवलं. कुठंही एरर नाही. आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की अपाचे या वेब सर्व्हरचं पान येतंय, 'इट वर्क्स' म्हणून. काय वर्क्स? तीन संध्याकाळी गेल्या.

टर्मिनलवाला | रविवार, रात्री ११.१५

इथं सगळं देवनागरीत लिहायचा नियम आहे, म्हणून कमांडही तशाच लिहितोय. टर्मिनलवर रोमनमध्येच टाका. मागं एकानं खरंच देवनागरीत टाकली होती.

तुमचं अपाचे ८०८० पोर्टवर ऐकतच नसणार. कोहाचे दोन दरवाजे असतात: वाचकांचा ओपॅक आणि कर्मचाऱ्यांचा स्टाफ इंटरफेस. स्टाफचा पोर्ट तुम्ही कोहा-साइट्स फाईलमध्ये ८०८० दिला असेल, पण अपाचेच्या पोर्ट्स फाईलमध्ये 'लिसन ८०८०' ही ओळ हातानं घालावी लागते. मग रीराईट, सीजीआय, हेडर्स आणि प्रॉक्सी-एचटीटीपी ही मॉड्यूल्स चालू करा. अपाचेची मूळची डिफॉल्ट साइट बंद करा. कोहा-प्लॅक एनेबल, मग स्टार्ट, मग अपाचे रीस्टार्ट.

लॉगिनला पुन्हा अडाल, म्हणून आत्ताच सांगतो. पहिल्या वेळचं नाव तुमचं लिनक्सचं नाव नव्हे. 'कोहा', अंडरस्कोर, आणि इन्स्टन्सचं नाव. पासवर्ड त्या इन्स्टन्सच्या कोहा-कॉन्फ फाईलमध्ये आहे.

आणि एक. वेब इन्स्टॉलर सुरू करायच्या आधी कोहा-ट्रान्सलेटनं मराठी बसवून घ्या. आत गेल्यावर मार्कचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या साच्याचा, प्रकार विचारेल, तिथं मार्क २१ निवडा. ते मागाहून बदलायचं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं.

रंकाळवेस | सोमवार, सकाळी ७.०५

उघडलं! 'लिसन ८०८०' चीच ओळ. एका ओळीपायी तीन दिवस. इन्स्टॉलरनं मग स्वतःच हाताला धरून शाखा, सभासदांचा वर्ग, पुस्तकाचा प्रकार, देवघेवीचा नियम सगळं विचारून घेतलं. दूध कट्ट्यावर या, एक ग्लास माझ्याकडून.

शाहूपुरी_गल्ली | सोमवार, दुपारी १.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण एवढा व्याप कशाला? एक्सेलमध्ये यादी करा, पेन ड्राइव्हवर ठेवा, विषय संपला. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे उद्या बंद पडलं तर कुणाच्या दारात जायचं? विकतचं होतं तेव्हा निदान शिव्या द्यायला माणूस होता. उत्साही पोरं येतात, चार दिवस नाचतात, मग नोकरीला पुण्याला जातात, आणि पासवर्ड घेऊन जातात. २०१९ ला माझ्या दुकानात पाणी होतं तेव्हापासून मी कागद आणि प्लास्टिकची पिशवी सोडून कशावर भरवसा ठेवत नाही.

गंगावेस_कट्टा | सोमवार, दुपारी ४.१०

>>शिव्या द्यायला माणूस होता<<

माणूस होता, फोन उचलत नव्हता. फरक काय?

कोहाचा जन्मच असल्या अडचणीत झालाय. न्यूझीलंडात लेविन म्हणून गाव आहे, तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी यंत्रणा २००० साल उजाडलं की कोलमडणार अशी भीती होती. विकतची नवी परवडेना. १९९९ मध्ये त्यांनी काटिपो कम्युनिकेशन्स नावाच्या लहानशा कंपनीकडून ब्राउझरवर चालणारी यंत्रणा लिहून घेतली, ३ जानेवारी २००० ला चालू केली, आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. कोहा हा माओरी शब्द. अर्थ भेट. पण अशी भेट की जी फिरत राहते, आज तुम्ही दिली तर उद्या तुमच्याकडं येणार. म्हणजे आपला आहेर. आमच्या घरात आजीची आहेराची वही अजून आहे. कुणी काय दिलं, कुणाला किती परत करायचं, पैशापर्यंत.

शाहूपुरी_गल्ली | सोमवार, दुपारी ४.२५

आमच्या घरात पण आहे. वही हरवलेले पाहुणे पण आहेत.

ग्रंथपाल_काकू | मंगळवार, रात्री ९.२०

नमस्कार. रंकाळवेस ज्या वाचनालयाबद्दल बोलतोय तिथली ग्रंथपाल मीच. पोरानं खातं काढून दिलं म्हणून पहिल्यांदाच लिहितो.

एक्सेल आम्ही केलंच होतं. पुराच्या नंतर दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलींनी भरलं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. आज त्यातली पन्नास पुस्तकं घातली, बारकोड चिकटवले. स्कॅनर मारला तर म्हणतंय असा बारकोडच नाही. यादीत मात्र पुस्तक डोळ्यांनी दिसतंय, क्रमांकही तोच. चष्मा बदलून बघितला. आता उद्या पुन्हा बघतो.

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री ९.४५

काकू, 'लिहितो', 'बघतो'? खातं कुणा काकांचं तर नाही ना?

गंगावेस_कट्टा | मंगळवार, रात्री ९.४७

पुण्याहून आलाय वाटतं. भावा, कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. माझी आई, आजी, सगळ्या. धागा भरकटवू नका.

टर्मिनलवाला | मंगळवार, रात्री १०.३०

काकू, चष्म्याचा दोष नाही. मुलींनी दाखल क्रमांक मराठी कीबोर्डवर भरलेत ना? मग ते देवनागरी आकडे आहेत. स्कॅनर इंग्रजी आकडे टाइप करतो. आपल्याला दोन्ही एकच, मशीनला 'क' आणि 'के' इतके वेगळे. एक्सेलमध्ये फक्त त्या एका रकान्यात दहाही आकडे फाइंड-रिप्लेसनं बदलून घ्या. पुस्तकांच्या नावातले आकडे मात्र हलवू नका.

उरलेली एकोणीस हजार घालायच्या आधी मार्कएडिटची (यादीतून मार्क नोंदी बनवणारा प्रोग्रॅम) वाट सांगून ठेवतो. एक्सेलचे रकाने मार्कच्या क्षेत्रांना जोडायचे: शीर्षक २४५ ला, लेखक १०० ला, आणि प्रत्यक्ष प्रतीची माहिती सगळी ९५२ ला. दाखल क्रमांक ९५२ च्या 'पी' उपक्षेत्रात गेला की तोच बारकोड. मग फाईल कोहात 'स्टेज' करायची, डोळ्यांखालून घालायची, आणि नंतरच आत घ्यायची. आत घेतल्यावर चूक दिसली तरी तो पूर्ण गठ्ठा माघारी घेता येतो. ही सोय विसरू नका, तुम्हाला लागणार आहे.

रंकाळवेस | गुरुवार, रात्री ११.५०

लागली. तीनदा लागली.

पहिल्या खेपेला सगळी नावं चौकोन आणि प्रश्नचिन्हं. कारण सापडलं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. मार्क नोंदीच्या डोक्यावर २४ अक्षरांचा लीडर असतो. त्यातलं ०९ हे स्थान (शून्यापासून मोजायचं, म्हणजे दहावं अक्षर) सांगतं की मजकूर कुठल्या लिपीसंचात आहे. तिथं 'ए' असेल तर युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांचा एकच संच. मोकळं असेल तर मार्क-८ नावाचा जुना संच, आणि त्यात देवनागरी नाहीच. ग्रीक आहे, हिब्रू आहे, अरबी आहे, चिनी आहे. आपण नाही. आमच्या फाईलमध्ये ती जागा मोकळी होती. एका अक्षरासाठी एकोणीस हजार पुस्तकांची नावं गेली होती.

दुसऱ्या खेपेला किंमत आणि प्रकाशक उलटे. तिसऱ्याला माझीच झोप. चौथ्याला बरोबर.

ग्रंथपाल_काकू | शनिवार, दुपारी १२.१५

आज वाचकांच्या संगणकावर बसून तास दीड तास नुसतं शोधत होतो. काही चमत्कारिक दिसलं, लिहून ठेवलंय.

'पुणे' शोधलं तर पुण्याची पुस्तकं आली, पण त्यात ज्यांच्या नावात 'पण' आहे तीही सगळी आली. शिवाय रायगड जिल्ह्यातल्या पेणवरचं एक. मग 'पण' शोधलं, पुन्हा तीच यादी. 'कुसुम' शोधलं तर 'कसम'. पण 'पाणी' शोधलं तर फक्त पाणीच येतं, 'पण' येत नाही. म्हणजे काना नि वेलांटी त्याला कळते, उकार नि मात्रा कळत नाही. असं कसं?

गंगावेस_कट्टा | शनिवार, दुपारी १२.२०

पुणे शोधलं की 'पण' येतो, यात चूक काय आहे काकू? शंभर टक्के बरोबर चाललंय.

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी १२.२२

आलं लक्षात.

देवनागरी_दुरुस्ती | शनिवार, दुपारी ३.००

काकू, दंडवत! तुम्ही तासाभरात जे ताडलंत ते भल्याभल्यांना दिसत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या खुणांची दोन गटांत वाटणी आहे. काना, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, ओकार, विसर्ग या 'जागा घेणाऱ्या' खुणा. उकार, एकार, ऐकार, अनुस्वार, पायमोड, नुक्ता या 'जागा न घेणाऱ्या', अक्षराच्या वर किंवा खाली बसतात. युरोपातल्या भाषांसाठी शोध बसवताना एक नियम सर्रास घालतात: जागा न घेणाऱ्या सगळ्या खुणा काढून टाका. फ्रेंच वाचकानं ई वरची तिरकी रेघ न देता शोधलं तरी पुस्तक सापडावं म्हणून. त्यांचं ते सजावट काढणं. आपलं हाड जातं. 'पुणे' तला उकार गेला, मात्रा गेली, उरलं 'पण'. कोल्हापूरचं होतं 'कोलहापर'.

रंकाळवेस, कोहाचं शोधयंत्र झेब्रा, त्याची आयसीयू फाईल (शोधाआधी अक्षरं कशी बदलायची त्या नियमांची) तुम्ही कुठून आणली?

रंकाळवेस | शनिवार, दुपारी ३.४०

पकडलं. कोहाची मूळची मांडणी लॅटिन लिपीसाठीच्या अक्षरनकाशावर होती, तिच्यात मराठी नीट शोधता येईना. कुठंतरी वाचलं की डिफॉल्ट आयडीएक्स फाईलमध्ये 'चारमॅप' च्या जागी 'आयसीयूचेन' लिहा. ते लिहिलं. चेनची फाईल मात्र नेटवर एकाच्या पानावर होती ती जशीच्या तशी उचलली. आता उघडून बघतोय, ती दुसऱ्याच भाषेची आहे. तो खुणा काढायचा नियम वरूनच दुसऱ्या ओळीत.

ओळ उडवली, झेब्रा रीस्टार्ट, कोहा-रिबिल्ड-झेब्रा पूर्ण यादीवर पुन्हा. पुणे आता पुण्यात आहे.

देवनागरी_दुरुस्ती | शनिवार, दुपारी ४.१५

थांबा, संपलं नाही. आता 'वाऱ्यावर' शोधा. आणि 'ॲड.' शोधा, तुमच्याकडं वकिलांनी दिलेली बरीच पुस्तकं असतील.

ग्रंथपाल_काकू | शनिवार, सायंकाळी ६.३०

शोधलं. 'वाऱ्या' असलेली कपाटात सात आहेत हे मला पाठ आहे. इथं चारच आली. ॲडव्होकेटांची तर निम्मीच.

देवनागरी_दुरुस्ती | शनिवार, रात्री ८.०५

हे दुखणं खास मराठीचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

'वाऱ्या' मधला आडवा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक: साधा र, पायमोड, आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक. दुसरी: नुक्त्याचा ऱ आणि पायमोड. युनिकोडनं दुसरी रीत मुख्य धरली आणि पहिली जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुमच्या एका मुलीचा कीबोर्ड पहिल्या जातीचा होता, दुसरीचा दुसऱ्या. म्हणून चार आणि तीन.

'ॲ' चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' टाकून वर अर्धचंद्र द्यायचे: 'अॅ'. ती सवय अजून हाताला आहे. आणि युनिकोड हे दोन्ही एकच आहेत असं मानत नाही, त्यामुळं नेहमीच्या नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) ते जुळत नाहीत. नियम आपणच लिहायचा.

दोन जागी करा. आधी आहे तो डेटा धुऊन घ्या, दोन्ही रूपं एका रूपात आणा. मग आयसीयू चेनमध्ये तोच नियम घाला, कारण उद्या शोधणारा वाचक त्याच्या मोबाइलवरून कुठल्याही रीतीनं टाइप करणार. आणि नियमाचा क्रम सांभाळा: एनएफडी (अक्षर आणि खूण सुटी करायची पायरी) केलं की ऱ फुटतो, र वेगळा नि नुक्ता वेगळा होतो. तुमचा नियम एनएफडीच्या नंतर आला तर त्याला ऱ दिसणारच नाही.

विद्यापीठ_हॉस्टेल | रविवार, सकाळी ११.००

मी शिवाजी विद्यापीठात शिकतो, एमसीए. रंकाळवेसदादांनी कालच्या नियमाचं काम मला दिलंय. चेनमध्ये चार ओळी घातल्या, काकूंनी तपासलं, सात 'वाऱ्या' आले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हा बदल मी गिटहबवर कोहाच्या पानावर पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) म्हणून टाकला, कुणी बघणार का? दोन, मराठी भाषांतर फार अर्धवट आहे, अर्धा पडदा इंग्रजी. मी मशीन भाषांतरातून सगळी वाक्यं एका रात्रीत काढलीत. सरळ चढवू का?

टर्मिनलवाला | रविवार, सकाळी ११.२०

दुसऱ्याचं उत्तर आधी: नको!! काकूंना दाखवल्याशिवाय एक ओळ चढवू नको.

ग्रंथपाल_काकू | रविवार, सायंकाळी ५.४५

पोरानं छापून आणलं, चहा घेत वाचलं. हसून पोट दुखलं.

सभासदाला म्हटलंय 'आश्रयदाता'. आमचा सगळ्यात जुना सभासद वर्गणी सहा महिने थकवतो, त्याला आश्रयदाता म्हणू? दंडाच्या जागी 'ठीक आहे'. पुस्तक नेलं त्याला 'तपासून बाहेर'. आरक्षणाला 'धरा'. शाखेला 'फांदी'.

माझे शब्द हे: सभासद, दंड, मुदत, मुदतवाढ, थकीत, पुस्तक दिले, पुस्तक जमा. 'होल्ड' वर आमचं घरात भांडण झालं. पुस्तकी शब्द आरक्षण, पण काउंटरवर कुणीच आरक्षण म्हणत नाही, 'काकू, माझा नंबर लावून ठेवा' म्हणतात. मला 'नंबर लावा' हवंय. मुलगा म्हणतो सरकारी वाटत नाही. न वाटू दे की.

गंगावेस_कट्टा | रविवार, सायंकाळी ६.१०

'नंबर लावा' ला माझं मत. विदर्भात, खानदेशात काय म्हणतात तेही बघा, भाषांतर फक्त कोल्हापूरचं नाही.

नागपूरकर | रविवार, रात्री ८.३०

आमच्याकडेही नंबरच लावतात. आरक्षण म्हटलं की लोकांना रेल्वे आठवते.

टर्मिनलवाला | रविवार, रात्री ९.४०

शब्द पक्के झाले की वेबलेटवर भरा. कोहाचं भाषांतर आता तिथं चालतं, ब्राउझरमध्येच, कोड लागत नाही. एक पथ्य. वाक्यात मधे टक्क्याची खूण आणि एस दिसेल, तिथं मशीन नाव किंवा आकडा घालतं. ती गाळली तर पान मोडतं. इंग्रजीत पुस्तक आधी, मग 'बाय', मग लेखक. वाक्याचे तुकडे त्या क्रमानं पाडलेले असतात. मराठीत 'द्वारा' घुसवू नका, 'लेखक:' लिहा नि मोकळे व्हा. नव्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात, त्याआधी काही दिवस मूळ वाक्यं गोठवतात, त्या वेळात भरलेलं सगळ्यात कामी येतं.

आता पुल रिक्वेस्ट. गिटहबवरचं पान म्हणजे आरसा आहे, आरशापुढं ताट वाढून काय होणार. कोहाचं काम बगझिला या चुका नोंदवायच्या साइटवर चालतं. तिथं नोंद उघड, काय बिघडतंय ते लिही, पॅच (बदललेल्या ओळींची फाईल) जोड. पॅचच्या संदेशात तपासणीची कृती पायरीपायरीनं हवी: अमुक नोंद घाला, अमुक शोधा, आधी चार येतात, पॅचनंतर सात. मराठी न येणाऱ्याला ती करता आली पाहिजे, म्हणून शब्द नुसता लिहू नको, कुठली अक्षरं कुठल्या क्रमानं ते युनिकोड क्रमांकासकट दे. मग स्थिती 'नीड्स साइनऑफ' ला लाव. दुसरं कुणीतरी तपासून सही करतं, त्यानंतर क्यूएवाला (गुणवत्ता तपासणारा) आणखी एकदा बघतो, मग तो मुख्य शाखेत जातो. लिहिणारा, सही करणारा आणि क्यूएवाला तिघे एकाच घरचे नसावेत असा दंडक आहे.

तपासायला स्वतःच्या मशीनवर कोहा-टेस्टिंग-डॉकर घ्या. वाचनालयाच्या चालू मशीनवर प्रयोग केलेत तर मी धागा सोडून जाईन.

विद्यापीठ_हॉस्टेल | पुढचा शनिवार, रात्री १०.१५

नोंद टाकली. डॉकर माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर चढेना, मित्राचा घेतला. एकानं प्रतिसाद दिला: जोडक कुठल्या कीबोर्डवर येतो, नमुन्याची नोंद जोडाल का? जोडली. तेव्हापासून सहा दिवस 'नीड्स साइनऑफ'. सहीला कुणी नाही.

टर्मिनलवाला | शनिवार, रात्री १०.४०

तिथं रांगेत शेकड्यानं पॅच आहेत. तू आत्तापर्यंत कुणाचा तपासलास?

विद्यापीठ_हॉस्टेल | शनिवार, रात्री १०.४२

एकही नाही.

गंगावेस_कट्टा | शनिवार, रात्री १०.५०

आजीची वही आणून देऊ का?

ग्रंथपाल_काकू | सोमवार, दुपारी २.००

मी केला एक. पोरानं सँडबॉक्स म्हणून दाखवलं, ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही. एका बाईंनी पावतीच्या छपाईतली चूक सुधारली होती. पुस्तक जमा केल्यावर पावतीवर जुनी मुदत यायची. तिनं लिहिलेल्या पायऱ्या एकेक केल्या. पाचव्या पायरीला अडलो, कारण ती म्हणते तसं बटण नव्हतंच. तसं लिहिलं. तिनं पायरी दुरुस्त केली, धन्यवाद म्हणाली. पुन्हा केलं, बरोबर झालं. मग सही. नाव जाहीर राहतं म्हणाला, राहू दे म्हटलं. चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठीमागं माझीच सही आहे.

पावतीवरून आठवलं, आमची महिन्याची वर्गणी मात्र कोहात नीट बसत नाही, त्याची नोंदणी फी वेगळ्या धर्तीची. ती पावतीपुस्तकावरच ठेवलीय. आणि तपासणीला लागतं म्हणून दाखल रजिस्टरही हातानं चालू आहे, आता वरच्या फळीवर.

शाहूपुरी_गल्ली | मंगळवार, सकाळी ९.३०

सगळं वाचतोय मी, गप्प आहे म्हणून नाही असं समजू नका. पाऊस लागलाय. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडं निघाली की तुमचा तो डेस्कटॉप कोण उचलणार? धोक्याची ४३. त्या मधल्या चार फुटांत किती वेळ असतो ते मला विचारा.

रंकाळवेस | मंगळवार, सकाळी १०.१०

डेस्कटॉप माळ्यावर हलवलाय, खाली काउंटरला नुसता पडदा आणि स्कॅनर. कोहा रोज रात्री बॅकअप काढतं, दोन फाईली: एक डेटाबेसची, एक मांडणीची. त्या आपोआप एका भाड्याच्या सर्व्हरवर जातात. परवा काकूंसमोर त्याच दोन फाईलींवरून दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा उभं केलं, पाऊण तास लागला. पासवर्ड तिघांकडं आहेत: काकू, कार्यवाह आणि मी. मी पुण्याला गेलो तरी काही अडत नाही.

तरी पेन ड्राइव्हवर एक प्रत उंचावर कुणाकडं तरी हवी होती. राजारामपुरीत आमचं कुणी नाही.

शाहूपुरी_गल्ली | मंगळवार, सकाळी १०.२५

मेहुणा आहे तिथं, तिसऱ्या मजल्यावर. दर रविवारी जातोच जेवायला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.

विद्यापीठ_हॉस्टेल | शुक्रवार, रात्री ११.३०

तीन पॅच तपासले. एक नापास केला, कारण खरंच चालत नव्हता. माझ्यावर रात्री सही आली, जर्मनीतल्या एका ग्रंथपालबाईंची. त्यांनी 'वाऱ्यावर' दोन्ही रीतींनी टाइप केलाय, क्रमांक बघून. अजून क्यूए बाकी आहे.

ग्रंथपाल_काकू | शनिवार, दुपारी ४.००

छान. पावतीवाल्या बाईंचा पण पुढं गेला का बघ रे.

शाहूपुरी_गल्ली | शनिवार, सायंकाळी ७.१५

काकू, माझं सभासदत्व २०१९ पासून बंद आहे. परत चालू करायचंय. आणि घरून शोधायला लॉगिन दिलंय म्हणता, पण घेत नाही. सभासद क्रमांक मराठी आकड्यांत टाकायचा की इंग्रजी?